बर्फाची नदी आणि दगडातले पान

मागच्या बुधवारी वर्ग सुटायच्या वेळी आपल्यातल्या एका बाईंनी पिशवीतून एक दगड काढला आणि आमच्या टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "गुरुजी, हे पाहा जी. यात पान आहे."

दगड काळसर होता. पाटीसारखा चपटा. त्यावर बोटभर लांबीचे एक पान उमटले होते. मधोमध जाड शीर, आणि तिच्या दोन्ही अंगांना जाळीसारख्या बारीक बारीक शिरा. कोळशाच्या खाणीबाहेर मातीचा जो डोंगर रचला आहे, त्याच्या पायथ्याशी सरपण वेचताना तो बाईंना सापडला. त्यांनी विचारले, "हे कोणी कोरलं असंल?"

आम्ही त्या वेळी उत्तर दिले नाही. पुढच्या वेळी सांगतो म्हणालो. खरे सांगायचे तर तो दगड पाहून आम्हांला घाम फुटला. कारण असाच एक दगड आम्ही पूर्वी फेकून दिला आहे.

त्या गोष्टीला तीस वर्षे होऊन गेली. आम्ही तेव्हा पाचवीला भूगोल शिकवत होतो. एक मुलगा असाच पान उमटलेला दगड घेऊन वर्गात आला. आम्ही म्हणालो, "दगडधोंडे घरी ठेवायचे. इथे अभ्यास करायचा." आणि तो दगड खिडकीतून बाहेर टाकला. मुलगा काही बोलला नाही. खाली मान घालून बसला. त्याच वर्षी पुस्तकात दक्षिण ध्रुवाचा धडा आला. आम्ही मुलांना सांगितले, "तिकडे नुसता बर्फ आहे. परीक्षेला येत नाही. पान उलटा."

या दोन चुकांचा एकमेकींशी काही संबंध असेल, असे आमच्या स्वप्नातही आले नाही. आम्ही जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेले. नोकरी संपल्यावर वाचायला सवड मिळाली, तेव्हा तो संबंध कळला. म्हणून आज आम्ही तुम्हांला त्या उलटलेल्या पानाकडे परत नेणार आहोत. बाईंच्या दगडाचे उत्तर तिकडूनच येईल.

पृथ्वीच्या अगदी तळाशी अंटार्क्टिका नावाचे खंड आहे. आपल्या भारताच्या चौपटीहून मोठे. त्याची जवळजवळ सगळी जमीन बर्फाखाली गाडलेली आहे. दक्षिण ध्रुव तिथेच. ध्रुवावर बर्फाची जाडी अडीच किलोमीटरहून जास्त भरते. आपल्या चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. ध्रुवावर ऐन उन्हाळ्यात तो शून्याच्याही खाली पंचवीस-तीस अंश असतो. सहा महिने सूर्य मावळत नाही, सहा महिने उगवत नाही.

या खंडाच्या मधून डोंगरांची एक लांबच लांब रांग गेली आहे. सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. तिच्या एका बाजूला उंच पठार, तेही बर्फाचे. पठारावर बर्फ साचत राहतो आणि वजनाने खाली सरकू पाहतो. पण वाटेत ही डोंगरांची भिंत. धरणाचे पाणी जसे सांडव्यावरून वाट काढते, तसा तो बर्फ डोंगरांमधल्या खिंडींतून वाट काढतो. अशा बर्फाच्या वाहत्या पट्ट्याला हिमनदी म्हणतात. त्यांतल्या एका मोठ्या हिमनदीचे नाव आहे बिअर्डमोर.

तुम्ही म्हणाल, बर्फ वाहतो कसा? तो तर दगडासारखा कडक. डांबराचा गोळा आठवा. त्याच्यावर घण मारला तर ठिकऱ्या उडतात. पण तोच गोळा उन्हात ठेवून द्या. संध्याकाळपर्यंत तो बसतो, पसरतो, उताराकडे सरकतो. बर्फाचे तसेच आहे. झटका दिला तर तुटतो. शेकडो मीटर जाडीचे ओझे त्याच्यावर असले की तो हळूहळू सरकतो. बिअर्डमोरचा मधला भाग दिवसाला साधारण एक मीटर पुढे जातो. कडेचा बर्फ डोंगराला घासत मागे रेंगाळतो. डोळ्यांना काही दिसत नाही. उभे राहून पाहिले तर सगळे स्तब्ध.

ही हिमनदी सुमारे २०० किलोमीटर लांब आहे. इथून नागपूर दीडशेच्या आसपास. त्यावर आणखी पन्नास घाला. रुंदी काही ठिकाणी ४० किलोमीटरपर्यंत. पठारावरून खाली येताना ती दोन हजार मीटरहून जास्त उतरते.

आता खालून वर चालू. कारण माणूस तिथे गेला तो खालूनच गेला.

नदीच्या मुखाशी समुद्र नाही. आहे तो समुद्रावर तरंगणारा बर्फाचा सपाट तक्ता. शेकडो मीटर जाड आणि आपल्या महाराष्ट्राच्या दीडपटीहून मोठा. त्याला रॉसचा तक्ता म्हणू. रॉस नावाच्या इंग्रज कप्तानाने १८४१ साली तो प्रथम पाहिला. डोंगरांतून उतरणाऱ्या बऱ्याच हिमनद्या या तक्त्याला येऊन मिळतात, आणि त्यांच्याच बर्फावर तो पोसला जातो.

मुखाशी लालसर खडकाची एक टेकडी उभी आहे. तिचे नाव माउंट होप, म्हणजे आशेचा डोंगर. तिच्या शेजारून बर्फाने भरलेली एक खिंड आत जाते. १९०८ सालच्या डिसेंबरात शॅकल्टन नावाचा गृहस्थ तीन सोबत्यांसह या टेकडीवर चढला. डोंगरांच्या भिंतीने वाट अडवली असे त्यांना वाटत होते. वर जाऊन पाहतात तो समोर दक्षिणेकडे चढत जाणारा पांढरा राजरस्ता. ज्या उद्योगपतीने त्यांच्या मोहिमेला पैसा दिला होता, त्याचे नाव त्यांनी या हिमनदीला दिले. पैसा देणाऱ्याचे नाव देण्याची रीत सगळीकडे सारखीच.

रस्ता दुरून गुळगुळीत. जवळ गेल्यावर कळते. खालची जमीन जिथे एकदम उतरते किंवा वळते, तिथे वरचा बर्फ ताणला जाऊन फाटतो. उभ्या भेगा पडतात. एखादी भेग वीतभर, एखादी घर मावेल एवढी. खाली पाहिले तर निळसर काळोख. आणि वाऱ्याने उडालेला भुसभुशीत बर्फ या भेगांवर पातळ छत धरतो. तुमच्यापैकी जे खाणीत उतरले आहेत त्यांना छत म्हणजे काय ते सांगायला नको. फरक एवढाच की खाणीत छत डोक्यावर येते, इथे ते पायाखालून जाते. शॅकल्टनचे शेवटचे तट्टू असेच एका भेगेत गेले. त्याची दोरी धरणारा वाइल्ड नावाचा माणूस कडेला अडकून वाचला. तट्टाचा आवाजही वर आला नाही.

वर चढताना उजव्या हाताला क्वीन अलेक्झांड्रा नावाची रांग. तिच्यात ४,५२८ मीटर उंचीचे माउंट किर्कपॅट्रिक शिखर आहे. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. हिशेब तुम्हीच करा. डाव्या हाताला कॉमनवेल्थ रांग. उजवीकडे मध्यावर एक डोंगर आहे. त्याच्या माथ्यावर बहुधा ढगाचा तुकडा बसलेला असतो, म्हणून शॅकल्टनच्या मंडळींनी त्याला 'ढग करणारा' असे नाव दिले. आमच्या मते त्या सगळ्या नकाशातले हे सर्वांत चांगले नाव.

दोन्हीकडच्या दऱ्यांतून लहान हिमनद्या येऊन मोठीला मिळतात. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, तसेच. पण पाणी मिसळते. बर्फ मिसळत नाही. प्रत्येक हिमनदी आपल्या काठावर डोंगरावरून पडलेले दगड वाहून आणते. दोन नद्या मिळाल्या की दोन काठांचे दगड एकत्र येतात आणि मोठ्या नदीच्या मधोमध दगडांची एक काळी रेघ तयार होते. मैलोगणती ती रेघ तशीच चालत जाते. हिमनदीच्या या दगडांच्या राशीला हिमोढ म्हणतात. ओढ्याने आणलेला गाळ असतो, तसा हिमाने ओढून आणलेला माल. कुठल्या डोंगराचा दगड कुठे जाऊन पडेल याचा नेम नाही. पण जाणकाराला रेघ पाहून सांगता येते की हा माल वरच्या कोणत्या खोऱ्यातला.

अगदी वर, पठाराच्या तोंडाशी, बर्फ पायऱ्यापायऱ्यांनी कोसळलेला आहे. धबधबा गोठला तर दिसेल तसा. या कोसळत्या बर्फातून काही डोंगर डोके वर काढून उभे आहेत. चारी बाजूंनी बर्फ आणि मध्ये उघडा काळा-पिवळा खडक. अशा डोंगरांना नुनाटक म्हणतात. शब्द ग्रीनलंडच्या लोकांचा आहे. बिअर्डमोरच्या माथ्यावरच्या अशा एका डोंगराचे नाव माउंट बकली. शॅकल्टनच्या वाइल्डला १९०८ सालीच त्याच्या अंगावर काळे पट्टे दिसले. जवळ जाऊन पाहिले तर कोळसा.

हो, कोळसा! दक्षिण ध्रुवापासून पाचशे-साडेपाचशे किलोमीटरवर, जिथे आज गवताची काडी उगवत नाही, तिथे.

आता पुढची हकीकत लक्ष देऊन ऐका. १९११ सालच्या डिसेंबरात स्कॉट नावाचा दुसरा इंग्रज अधिकारी याच हिमनदीने वर चढला. बारा माणसे स्वतः गाड्या ओढत होती. चाकाच्या नव्हेत, घसरणाऱ्या. वाटेतून सात माणसे परत पाठवली. उरलेले पाच जण १७ जानेवारी १९१२ रोजी ध्रुवावर पोचले. तिथे आधीच नॉर्वेचा झेंडा फडकत होता. अमुंडसेन नावाचा माणूस १४ डिसेंबरलाच तिथे पोचला होता, दुसऱ्या हिमनदीच्या वाटेने.

पाचही जण मागे फिरले. मन खचलेले, अन्न मोजके. एव्हान्स नावाच्या दणकट खलाशाचा हात जखमी, बोटे थंडीने गेलेली. ८ फेब्रुवारीला ते माउंट बकलीखाली आले. त्या दिवशी वारा पडला आणि ऊन निघाले. तीन महिन्यांहून अधिक काळ बर्फ तुडवलेल्या पायांना प्रथमच खडक लागला. त्यांच्यात विल्सन नावाचे डॉक्टर होते. त्यांना निसर्गाचा नाद होता, हात चित्रकाराचा होता. कड्याखाली आणि हिमोढाच्या राशीत ते दगड पाहत हिंडले. काही दगडांवर पाने उमटलेली होती. मधे जाड शीर, दोन्ही अंगांना जाळी.

त्यांनी ते दगड गाडीवर घातले. सगळे मिळून सुमारे सोळा किलो.

पुढे बर्फाच्या कोसळीत त्यांची वाट चुकली. १७ फेब्रुवारीला हिमनदीच्या पायथ्याशी एव्हान्स वारले. महिन्याभराने ओट्स नावाचा सोबती आपल्यामुळे इतरांना उशीर नको म्हणून वादळात तंबूबाहेर गेला, तो परत आला नाही. उरलेले तिघे मार्चच्या अखेरीस तंबूत गेले. अन्नाचा साठा तिथून अठरा किलोमीटरवर होता. १२ नोव्हेंबर १९१२ रोजी शोध करणाऱ्यांना तंबू सापडला. गाडीही सापडली. दगड गाडीवरच होते.

ही गोष्ट आम्ही परवा ओसरीवर दोघातिघांना सांगितली, तेव्हा वाद झाला. दगडवाल्या बाई म्हणाल्या, "मरणाच्या दारात असताना दगड ओढायचे? मी असती तं फेकून देली असती. आधी जीव." खाणीतून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, "सोळा किलोनं कोणी मरत नाही बाई. ते उपासानं आन् थंडीनं मेले. गाडी तशीही ओढायचीच होती." आम्हांला काकांचे म्हणणे जास्त पटते. मार्चमध्ये थंडी भलतीच वाढली, साठ्यातले रॉकेल कमी भरले, अन्न अपुरे पडले. पण बाईंचे म्हणणेही आम्हांला खोडता आले नाही. आपण तंबूत नव्हतो.

ते दगड विलायतेला गेले. सिवर्ड नावाच्या वनस्पतींच्या पंडिताने ते तपासले आणि १९१४ साली अहवाल छापला. ते पान ग्लॉसोप्टेरिस जातीचे निघाले. नाव अवघड आहे, पण त्याचा अर्थ सोपा. पान जिभेच्या आकाराचे, म्हणून जीभ हा शब्द त्यात आहे. आणि पुढचे नाव होते 'इंडिका', म्हणजे भारतातले. कारण हे पान आपल्या देशातल्या कोळशाच्या खडकांत शास्त्रज्ञांनी कधीच पाहिले होते. एकोणिसाव्या शतकात नागपूरचे हिस्लॉप नावाचे पाद्री नागपूरच्या आसपास अशी पाने गोळा करत हिंडत होते. आपल्या वर्धा खोऱ्यातल्या कोळशाच्या खडकांत ती आहेत. बाई, तुमच्या दगडावरचे पान त्याच कुळातले दिसते.

आता प्रश्न असा. तेच पान इथे आणि तेच पान तिथे, मधे अफाट समुद्र. हे कसे?

कोणी म्हणेल, बी वाऱ्याने उडाले असेल. पण या झाडाचे बी समुद्रापार उडत जाईल इतके हलके नव्हते. शिवाय १९६९ साली बिअर्डमोरच्याच परिसरात लिस्ट्रोसॉरस नावाच्या प्राण्याची हाडे सापडली. डुकराएवढा, चोचीसारखे तोंड, दोन सुळे. त्याची हाडे आफ्रिकेत आहेत, आणि आपल्याकडे दामोदर नदीच्या खोऱ्यातही आहेत. तो काही समुद्र पोहून गेला नाही.

तेव्हा उत्तर एकच राहते. झाड हलले नाही, जमीन हलली. पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वी भारत, अंटार्क्टिका, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया हे सगळे एकाच मोठ्या भूमीचे भाग होते. मग ती भूमी फाटली. एकेक तुकडा वेगळा सरकू लागला. आपला तुकडा उत्तरेला आला आणि आशियाला धडकला. हिमालय वर आला तो त्याच धडकेने. अंटार्क्टिका तळाशी राहिले आणि सुमारे साडेतीन कोटी वर्षांपूर्वी बर्फाखाली जाऊ लागले. खंडे सरकतात हे म्हणणे वेगेनर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १९१२ च्या जानेवारीत पहिल्यांदा सभेत मांडले. त्याच महिन्यात स्कॉटची माणसे ध्रुवाकडे चालली होती. लोकांनी त्याला हसून घालवले. पुढे पन्नास वर्षांनी मान्य केले.

त्या जुन्या भूमीचे नाव ठाऊक आहे का? गोंडवन. आपल्या मध्य भारतातल्या गोंडांच्या मुलखावरून हे नाव आले. इथल्या कोळशाच्या खडकांना भूगर्भशास्त्राच्या सरकारी पंडितांनी १८७० नंतरच्या दशकात ते दिले. तिथून ते साऱ्या जगात गेले. आज बिअर्डमोरच्या कड्यावर उभा राहिलेला शास्त्रज्ञ वहीत त्या जुन्या भूमीचे नाव लिहितो, तेव्हा गोंडांचेच नाव लिहितो. आपल्या वर्गात चार-पाच घरे गोंडांची आहेत. चंद्रपूरचा परकोट रोज पाहणाऱ्या माणसांना आपले नाव बर्फात कुठवर पोचले आहे, हे कोणी सांगितले नाही. आम्हीही सांगितले नाही.

तेव्हा तिकडे बर्फ नव्हता का, असे एका तरुणाने विचारले. त्या काळी ऊब जास्त होती. अंटार्क्टिका ध्रुवाजवळच होते, म्हणजे हिवाळ्यात महिनोन्महिने काळोख. पण रान होते. बिअर्डमोरजवळच्या एका डोंगरावर त्या रानातली खोडांची बुंधे अजून जागच्या जागी उभी आहेत, दगड झालेली. काळोख सुरू झाला की ही झाडे पाने टाकत. आपल्या रानात माघ-फाल्गुनात सागाच्या पानांचा खच पडतो, तसा खच. दलदलीत तो दबला, त्यावर गाळ आला, त्याचा कोळसा झाला. इथेही आणि तिथेही. गाळ फार बारीक असेल तिथे पानाचा ठसा राहिला. बाई, कोणी कोरले नाही. पान पडले आणि चिखलाने ते धरून ठेवले.

आणखी एक प्रश्न आला होता, तो सगळा बर्फ वितळला तर काय? अंटार्क्टिकाचा सगळा बर्फ वितळला तर जगातले समुद्र सुमारे ५८ मीटर चढतील. सगळा वितळायला फार फार काळ लागेल. पण मुंबईला पाणी शिरायला ५८ मीटर कशाला हवेत? मुखाशी तरंगणारा तक्ता दाराच्या अडसरासारखा हिमनद्यांना रोखून धरतो. अंटार्क्टिकाच्या दुसऱ्या बाजूला २००२ साली लार्सन नावाच्या तक्त्याचा मोठा भाग काही आठवड्यांत फुटला. त्याच्यामागच्या हिमनद्या लगेच जोराने धावू लागल्या. म्हणून शास्त्रज्ञ आज रॉसच्या तक्त्याकडे डोळे लावून असतात. याविषयी पुन्हा कधीतरी बोलू.

मंडळी, तो मुलगा आता चाळिशीचा झाला असेल. आम्ही त्याचा पत्ता शोधला, सापडला नाही. शाळेच्या मागची जागा जाऊन पाहिली. तिथे आता सिमेंटचा रस्ता आहे.

बाईंनी आपला दगड वर्गाला दिला आहे. कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला आहे. खाली त्यांनी स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहून लावली आहे. 'पान' एवढेच लिहिले आहे, आणि त्यांना येते तसे नाव. ज्यांना पाहायचा असेल त्यांनी आज थांबून पाहावा. हातात घ्यायला हरकत नाही. फक्त ओल्या फडक्याने पुसू नका. त्याचा वरचा पापुद्रा सुटा आहे.